गड जिंकला कुणी, झाडला कुणी?

रतनगडाच्या नेढ्यात बसलो की खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. कंपनीतल्या मित्रांबरोबर रतनवाडीतून चढून आम्ही तिथे पोचलो, तेव्हा एकाने विचारलं, "हा किल्ला कुणी जिंकला होता?" सगळ्यांनी फोन काढले. "सांभाळला कुणी?" हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

आपला दुर्गेतिहास म्हणजे मालक बदलल्याच्या तारखांची यादी. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. सॉफ्टवेअर सुरू झालं की केक कापतात; रात्री तीनला बंद पडल्यावर उठून बसणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

असं म्हटलं की लगेच ऐकावं लागतं, "महाराजांचं श्रेय कमी करताय का?" उलट, स्वराज्याला देखभालीची किंमत कळत होती. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र उघडून पाहा. गडावर पाण्याची टाकी कशी हवीत, झाडं कशी राखावीत, एवढंच नव्हे तर केर खाली न टाकता जागीच जाळून त्या राखेवर भाजी पिकवावी, हेही त्यात आहे. ज्या परंपरेच्या नावाने आपण घोषणा देतो, तिने झाडूचाही हुकूम लिहून ठेवलाय.

या डोंगरांत गडांची राखण करणाऱ्यांत महादेव कोळी होते. १८१८मध्ये पेशवाई बुडाली, इंग्रजांनी पुढे गडांवरची शिबंदी मोडली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी गेली. त्या असंतोषातून रामजी भांगरे उठले. मग त्यांचे पुत्र, अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी, सावकार आणि सरकार या दोघांविरुद्ध लढले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. आपण मात्र गडाची गोष्ट १८१८ला संपवतो. मालकाची गोष्ट तिथे संपली असेल. राखणदारांची तीस वर्षं पुढे चालू होती.

२०२५मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. रतनगड त्यांत नाही. त्याची हळहळ जरूर करा. पण उद्या त्याचं नाव यादीत आलं आणि फलकावर पुन्हा फक्त जिंकणारेच राहिले, तर तो सन्मान अर्धाच.

त्या दिवशी आम्ही नेढ्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या सोडून आलो. त्या खाली कुणी आणल्या, हेही मला ठाऊक नाही.