पॉइंटांचं वेळापत्रक

मे महिन्यात दोन रात्री माथेरानला जायचं ठरलं मात्र, आमच्या मेव्हण्यांनी लगेच वेळापत्रकच पाठवलं: पहाटे पॅनोरमा, नाश्त्यानंतर इको, दुपारी शार्लोट तलाव आणि संध्याकाळी धावतपळत सूर्यास्त. एवढी शिस्त त्यांनी ऑफिसात पाळली असती, तर कधीच साहेब झाले असते! माथेरानला काही बघायला जायचंच नसतं, हे माझं ठाम मत आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले, तेव्हा कुठे होते पॉइंट? उंचीही जेमतेम ८०० मीटर, त्यामुळे स्वेटर घरीच ठेवा. मे महिन्यातल्या दुपारी इथेही घाम येतो. पण मोटारी दस्तुरी नाक्यावरच अडवतात, पुढे पायी किंवा घोड्यावर, नाहीतर अमन लॉजहून छोटी गाडी. खरं सुख याच नियमात आहे. हॉर्न नाही, पार्किंगवरून भांडण नाही, डोक्यावर दाट झाडी. जमलं तर नेरळहूनच १९०७ सालच्या त्या चिमुकल्या रेल्वेत बसावं. २१ किलोमीटरना दोन तासांहून जास्त घेणाऱ्या गाडीत वेळापत्रकवाल्यांचा जीव आपोआप ठिकाणावर येतो. पांढरे कपडे मात्र नेऊ नका, लाल माती सोडत नाही. आणि चिक्की निघायच्या दिवशीच घ्या, कारण आधी घेतलेल्या चिक्कीवर पहिला हक्क माकडांचा. मेव्हण्यांना मी एवढंच कळवलंय, की दुपारी दोन ते पाच मी झोपणार आहे, तेवढा पॉइंट यादीत घालून टाका.