दिवा विझला, दोष उरला

हैदराबादेहून एका वाचकांनी आम्हांस पत्र लिहिले आहे. त्यांच्या घरी स्वयंपाक होतो आणि दुपारच्या जेवणाचे डबे ते आपल्या २०१४ सालच्या पेट्रोल गाडीतून कचेऱ्यांत पोहोचवितात. गाडी जुनी, परंतु तिच्यावर घर चालते. गेले दोन हिवाळे तिच्या डॅशबोर्डावरील इंजिनाचा पिवळा दिवा मधूनच लागतो, चार-सहा दिवस राहतो आणि आपोआप विझतो. गॅरेजमध्ये तो दोनदा पुसून दिला गेला. एकदा ऑक्सिजन सेन्सर बदलला गेला. तरी दिवा पुन्हा लागलाच. आता धूर शुद्ध करणारे यंत्र, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. त्याची किंमत त्यांच्या दीड महिन्याच्या कमाईएवढी आहे आणि याच महिन्यात मुलीच्या कॉलेजची फी भरावयाची आहे. “हा खर्च करावा की नाही?” असा त्यांचा साधा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ एका घरापुरता नाही. जुनी वाहने बाळगणाऱ्या कितीतरी कुटुंबांना या लहानशा दिव्याने कोड्यात टाकले आहे. म्हणून त्यांना पाठविलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

प्रथम हा दिवा कशासाठी आहे ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, तो इंजिनाच्या रक्षणासाठी बसविलेला आहे. वस्तुतः त्याचा जन्म हवेच्या रक्षणासाठी झाला. लॉस एंजेलिस शहरावर दाटणारे डोळे झोंबविणारे धुके मोटारींच्या व तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनते, हे हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञांनी १९५० नंतरच्या दशकात दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियाने मोटारीने स्वतःच आपल्या दोषाची वर्दी द्यावी असा नियम केला. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना एकाच प्रकारचे सोळा टाचण्यांचे सॉकेट व एकच सांकेतिक भाषा सक्तीची झाली. आपल्याकडे भारत-४ मानकाच्या गाड्यांना ही व्यवस्था २०१० पासून पहिल्या टप्प्यात व २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यात आली. म्हणूनच गाडी सुरळीत चालत असतानाही हा दिवा लागू शकतो. चालकास जे जाणवत नाही ते धुराच्या हिशेबात दिसत असते.

दुसरी गोष्ट, दिवा विझतो म्हणजे काय होते? सामान्यतः बहुतेक दोषांच्या बाबतीत संगणक एका फेरीवर विश्वास ठेवीत नाही. तोच दोष दुसऱ्या फेरीतही दिसला तरच तो दिवा लावतो. पुढे सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की दिवा विझवितो. परंतु त्याची नोंद मात्र लगेच पुसत नाही. इंजिन चाळीस वेळा थंडावून पुन्हा तापेपर्यंत ती स्मृतीत राहते. तेव्हा विझलेला दिवा “दोष गेला” असे म्हणत नाही. “गेल्या तीन फेऱ्यांत मला तो दिसला नाही” एवढेच म्हणतो. या दोन वाक्यांतील अंतरात पुष्कळांचे पैसे बुडतात.

ही नोंद हाच खरा ठेवा होय. तिच्यासोबत संगणक त्या क्षणाचे जणू एक छायाचित्रही जपून ठेवतो: इंजिन किती तापले होते, किती फेरे घेत होते, गाडीचा वेग किती होता, पेट्रोल किती वाढवून दिले जात होते. स्कॅनर लावून प्रथमच “पुसा” असे बटण दाबणे म्हणजे साक्षीदाराचा जबाब न घेता त्यास घरी धाडणे होय. बॅटरीची तार काढून दिवा घालविण्याची युक्तीही त्याच जातीची. अनेक गाड्यांत तिने नोंद जाते, दोष जागेवर राहतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संगणक दोषाचे नाव सांगत नाही; तक्रारीचे नाव सांगतो. आमच्या वाचकांच्या गाडीतील नोंद “पी ०१७१” अशी होती. तिचा अर्थ, इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस एक भाग पेट्रोल हे योग्य प्रमाण होय. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत बसलेला ऑक्सिजन सेन्सर धुरातील ऑक्सिजन पाहून संगणकास कळवितो आणि संगणक पेट्रोल कमी-अधिक करतो. प्राणवायू अधिक दिसला की पेट्रोल वाढवावयाचे. वाढविता वाढविता मर्यादा आली की ही नोंद करावयाची. बातमी सेन्सरने आणली म्हणून सेन्सरच बदलला गेला. परंतु त्याने जे पाहिले तेच सांगितले होते. प्रश्न एवढाच होता की, तो अधिकचा प्राणवायू आला कोठून?

येथे मालकांच्या निरीक्षणाने वाट दाखविली. आम्ही त्यांना एक लहान वही करावयास सांगितले. दिवा कोणत्या तारखेस लागला, त्या वेळी गाडी थंड होती की तापलेली, पाऊस होता की ऊन, पेट्रोल नुकतेच भरले होते काय, काही आवाज वा वास आला काय, हे त्यांनी तीन आठवडे लिहिले. त्या वहीतून दोन गोष्टी उघड झाल्या. दिवा गार सकाळींनंतरच लागत होता. आणि अशा सकाळी इंजिन सुरू होताच पहिली काही मिनिटे बॉनेटखालून “टक् टक् टक्” असा बारीक आवाज येऊन मग तो नाहीसा होत होता. गॅरेजमध्ये गाडी नेहमी दुपारी, डबे पोहोचवून झाल्यावर, म्हणजे पूर्ण तापलेली जात असे. तेथे तिच्यात काहीच सापडत नसे यात आश्चर्य ते काय!

ही वही त्यांनी वस्तीतील एका वृद्ध मेकॅनिकांस दाखविली. त्यांनी गाडी रात्रभर आपल्याकडे ठेवून घेतली आणि सकाळी ती थंड असतानाच प्लग काढून पाहिले. प्लग काजळीने काळे होते. विसंगती येथेच होती. संगणक म्हणतो पेट्रोल कमी. प्लग म्हणतात पेट्रोल जास्त. दोघेही खरे बोलत असतील तर ज्यादा हवा इंजिनाच्या पोटात जात नसून पुढे नळीत, सेन्सरच्या अगोदर कोठेतरी शिरत असली पाहिजे. तसेच निघाले. इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या जोडावरील गॅस्केट एका ठिकाणी जळाले होते आणि त्याच्या कडेला काजळीचा डाग होता. थंडीत तेथे फट राही व धुराच्या दोन झोतांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाई. लोखंड तापून फुगले की फट बुजे, आवाजही थांबे. सेन्सर तो प्राणवायू पाही आणि बिचारा संगणक नसलेली उणीव भरून काढण्यासाठी पेट्रोल ओतीत राही. गॅस्केट बदलले. खर्च दोन दिवसांच्या कमाईत भागला; कन्व्हर्टरला हात लावावा लागला नाही.

यावरून पहिले गॅरेज लबाड होते असे आम्ही म्हणत नाही. मेकॅनिकसमोर दोष प्रकट होतच नसेल, गिऱ्हाईक घाईत असेल आणि “दिवा लागतो” यापलीकडे काही सांगू शकत नसेल, तर तो अंदाजाने वस्तू बदलणार. अधूनमधून येणारा दोष शोधण्याचे निम्मे काम गाडी रोज चालविणाऱ्याचे आहे, कारण दोष येतो तेव्हा तोच तेथे असतो.

प्रत्येक वेळी गॅस्केटच निघेल असे नाही. जुन्या गाड्यांत पुष्कळदा दोष त्याहूनही क्षुल्लक असतो. कोकणात वा गोव्यात पावसाळ्यात कनेक्टरात ओल शिरून तांब्यावर हिरवा गंज चढतो. उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. इंजिनाची अर्थिंगची पट्टी सैल होते. म्हणून महागडी वस्तू घेण्यापूर्वी बॅटरी तपासावी. गाडी बंद असताना ती सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवील तर ठीक. स्कॅनरवर चालू आकडे पाहत असता संशयित वायर हलक्या हाताने हलवावी. आकडा उडाला तर दोष तेथेच. एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकत असेल आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर दोन कॉइलींची अदलाबदल करावी. तिसऱ्या सिलिंडरची तक्रार, “पी ०३०३”, बदलून पहिल्याची, “पी ०३०१”, झाली तर कॉइल दोषी. तिसऱ्याचीच राहिली तर कॉइल निर्दोष. या परीक्षेस पैसा लागत नाही.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. दिवा स्थिर लागणे निराळे आणि गाडी चालत असता तो भराभर उघडमीट करणे निराळे. उघडमीट करणारा दिवा सांगतो की, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरात जाऊन तेथे पेटत आहे. त्या उष्णतेने आतील चिनीमातीची जाळी वितळू शकते. अशा वेळी वेग ताबडतोब कमी करून सुरक्षित जागी थांबावे. इंजिनाच्या तापमानाचा वा तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा तर याहूनही तातडीचा. तो लागताच इंजिन बंद केलेच पाहिजे.

आणि दुरुस्ती झाल्यावर? नोंद लिहून घेऊन मगच ती पुसावी व ज्या परिस्थितीत दोष येत होता त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी. थंड सकाळचा दोष दुपारी तपासून बरा झाला असे मानू नये. आमच्या वाचकांनी गॅस्केट बदलल्यावर थंडी सरेपर्यंत वही चालूच ठेवली. शेवटच्या पानावर तारखा आहेत, आवाज नाही आणि दिवाही नाही.

ज्यांच्या गाडीत असा लपंडाव चालू असेल त्यांनी दोन आण्यांची म्हणावी अशी एक साधी वही व पेन्सिल गाडीच्या कप्प्यात ठेवावी. गॅरेजवाल्यांस प्रथम ती वाचावयास द्यावी, गाडी एक रात्र त्यांच्याकडे थंड होऊ द्यावी आणि कोणतीही वस्तू बदलण्यापूर्वी एवढेच नम्रपणे विचारावे: “हीच वस्तू नादुरुस्त आहे हे आपण कशावरून ठरविले?” चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही, तो हातातील पाना खाली ठेवून समजावून सांगू लागतो.