शाळेच्या मैदानावरची भरती

जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक लष्करी शिक्षण देण्याचा मनोदय जाहीर केला. मुलांनी व्यायाम करावा, रांगेत उभे राहावे, याला कोणाचा विरोध असणार? १९४१ साली एस. एम. जोशी यांनी राष्ट्र सेवा दलाची धुरा घेतली तेव्हापासून समाजवादी चळवळीतील कितीतरी मुले शाखेवर कवायत करीतच मोठी झाली. कवायतीचे वावडे आपल्याला नाही. मात्र ती मुलांना कोणत्या दाराशी नेऊन उभे करते, हे पाहिले पाहिजे.

राष्ट्रीय छात्रसेना १९४८ च्या कायद्याने अस्तित्वात आली. छात्रावर प्रत्यक्ष सैनिकी सेवेचे बंधन नाही, हे तिचे मान्य तत्त्व. चीनशी झालेल्या युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत ती सक्तीची करण्यात आली आणि १९६८ मध्ये ती सक्ती सरकारलाच मागे घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तरुणाने कुदळ-फावडे हाती घेऊनही देशसेवा करता येते, हे त्या वेळच्या राज्यकर्त्यांना उमगले होते.

आज सक्तीची गरजच उरलेली नाही. ते काम बेकारी परस्पर करते.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे किंवा कोल्हापूरकडील सैनिक टाकळी ही गावे पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे धाडीत आली. त्यांच्या अभिमानाची टिंगल करण्याचा अधिकार शहरी बुद्धिवाद्यांना नाही. परंतु त्या अभिमानाच्या पाठीशी निवृत्तिवेतन होते. त्या पैशावर घरे बांधली गेली, मुली शिकल्या, विधवांची चूल पेटती राहिली. २०२२ च्या ‘अग्निपथ’ योजनेने हा आधारच काढून घेतला. नोकरी चार वर्षांची, नंतर फार तर पंचवीस टक्के कायम. उरलेल्यांच्या हाती सुमारे पावणेबारा लाखांचा ‘सेवा निधी’. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही. तरीही पहाटे डांबरी सडकांवर धावणारी पोरे कमी झालेली नाहीत, आणि बाप कर्ज काढून अकॅडमीची फी भरतोच आहे.

ही योजना आणि शाळेतील छात्रसेना यांचा सांधा आता उघड दिसतो. छात्रसेनेच्या प्रमाणपत्राला अग्निवीर भरतीत वाढीव गुण मिळतात. तेराव्या वर्षी गणवेश आणि साडेसतराव्या वर्षी भरतीचा अर्ज! ज्याला अजून मताचा अधिकार नाही, त्याच्या अर्जावर आईबापांची सही घेतली की भागते. सुखवस्तू घरातील छात्राला हेच प्रमाणपत्र शोभेचे असते. त्याला दुसऱ्या वाटा मोकळ्या असतात. शेतमजुराच्या मुलापुढे मात्र शाळा ही एकच वाट झाडून ठेवते, आणि तिलाच राष्ट्रप्रेम हे नाव देते.

छात्रसेनेच्या शिबिरामुळे कितीतरी खेड्यांतील मुली प्रथमच एकट्या घराबाहेर पडल्या, धीट झाल्या. हे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. देशाला सैन्य हवे, हेही निर्विवाद. मग सैनिक प्रौढ असावा, त्याची नोकरी कायम असावी आणि म्हातारपणी त्याला निवृत्तिवेतन मिळावे, एवढे मागणे देशद्रोहाचे कसे ठरते?

बालकांच्या लष्करी वापरासंबंधीचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा जोडकरार भारताने २००५ मध्ये स्वीकारला. अठरा वर्षांखालील मुलाला भरती करावयाचे असल्यास त्याला त्या सेवेतील कर्तव्यांची पूर्ण माहिती दिली पाहिजे, असे हा करार सांगतो. आपले अनेक कार्यकर्ते शाळा व्यवस्थापन समित्यांवर आहेत. ज्या वर्गात छात्रसेनेची नावनोंदणी होते, त्याच वर्गात चार वर्षांची मुदत, पंचवीस टक्क्यांची अट आणि न मिळणारे निवृत्तिवेतन यांचीही माहिती मराठीत वाचून दाखवावी, असा ठराव त्यांनी येत्या बैठकीत मांडावा. भरतीचे वय अठरा करावे आणि शालेय प्रमाणपत्राचे वाढीव गुण रद्द करावेत, ही मागणी आमदार-खासदारांपर्यंत नेण्याचे काम तालुका शाखांचे.