बहात्तर हजारांचा फोन आणि रोमन सलाम

मी ७२,००० रुपयांचा फोन घेतला ही बातमी माझ्या शाळेत माझ्याआधी पोहोचली. स्टाफरूममध्ये पाऊल ठेवलं तर एक सहकारी म्हणाले, "काय सर, आता उर्दूवाले पण फ्लॅगशिप वापरून राहिले का?" हसलो आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी कॅमेरा झूम करून समोरच्या कडुलिंबावरचा कावळा पाहिला, वाहवा केली, परत दिला. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर दुसराच विषय. बारा हप्ते "बिनव्याजी" म्हणतात ते खरोखर बिनव्याजी की सूद किमतीत आधीच दडवलेला? या वादात मौलानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेले हप्ते एकदम भरून टाकले. पगारातून, कष्टाच्या पैशातून. कोणाला हिशेब हवा असेल तर देईन.

पण लिहायला बसलोय ते किमतीबद्दल नाही. फोन उत्तम आहे. बॅटरी दीड दिवस जाते, रात्रीचा फोटो दिवसासारखा येतो. आलापल्लीच्या पुढे जंगल दाट झालं की त्याचा फाइव्ह-जी गळून पडतो आणि तो महागडी टॉर्च होतो, पण तो दोष फोनचा नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर ती फोनपेक्षा आपल्याबद्दल जास्त आहे.

फोन आल्यावर पहिल्याच रात्री एका जुन्या सहकाऱ्याच्या आईच्या इंतकालची खबर आली. मी ताजियतचा निरोप पाठवला. सकाळी उठून वाचला तेव्हा लाज वाटली. वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवणारा, बी.एड. झालेला माणूस, हातात बहात्तर हजारांचं यंत्र, आणि मयतीच्या घरी गेलेला निरोप इंग्रजी अक्षरांत. "इन्ना लिल्लाह" सुद्धा रोमनमध्ये! ग्रुपवर खाली चाळीस निरोप होते. त्यात आठ उर्दूचे शिक्षक, पाच मराठीचे. एकाचाही निरोप आपल्या लिपीत नव्हता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा माझ्या मराठीच्या मित्रांनीही अभिनंदनाचे फवारे रोमनमध्येच उडवले होते. म्हणजे या हमामात सगळेच उघडे. पण इतरांचं इतर पाहतील, मी माझ्या लोकांशी भांडायला आलोय.

आपले लोक पहिलं कारण देतात, "फोनमध्ये उर्दू येतच नाही." हे खोटं आहे, आणि शिक्षकाच्या तोंडी तर शोभतच नाही. अँड्रॉइडच्या सात हजारांच्या फोनमध्येही की-बोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन उर्दू आणि मराठी दोन्ही जोडता येतात. दोन मिनिटांचं काम आहे. बरेच जण पूर्ण फोनची भाषाच उर्दू करून बसतात, मग सगळं उजवीकडून डावीकडे उलटतं, बटणं सापडत नाहीत आणि घाबरून परत इंग्रजीवर येतात. अरे बाबांनो, फोनची भाषा राहू द्या इंग्रजी, फक्त की-बोर्ड जोडा. आणि जोडताना अरबी नको, उर्दूच जोडा. अरबीत ट, ड, ड़ नाहीत. शिवाय अरबी की-बोर्डवरचा "काफ" आणि उर्दूचा "काफ" डोळ्यांना सारखे दिसले तरी संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. आमच्या शाळेत एका मुलीचं नाव उर्दू यादीत शोधूनही सापडेना. नाव यादीत होतं, पण टाइप करणाऱ्याने अरबी काफ वापरला होता आणि शोधणाऱ्याने उर्दूचा. अर्धा तास गेला.

दुसरी तक्रार मात्र खरी आहे. उर्दू टाइप केली की ती नस्तालिकमध्ये दिसत नाही, नस्खमध्ये दिसते. ज्यांना उर्दू येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नस्ख म्हणजे कुरआनची, अरबी वर्तमानपत्रांची सरळ आडवी लिपी. उर्दूची नस्तालिक तिरपी असते, शब्द वर उजवीकडून सुरू होतो आणि खाली डावीकडे उतरत जातो, एकाच अक्षराचं रूप शेजारच्या अक्षरानुसार बदलतं. म्हणूनच ती छापायला कठीण. ऐंशीच्या दशकापर्यंत उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. १९८१ मध्ये पाकिस्तानच्या अहमद मिर्झा जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर नूरी नस्तालिक केली, तेव्हा त्यांना वीस हजारांच्या आसपास जोडरूपं तयार करावी लागली. बालभारतीची उर्दू पुस्तकं नस्तालिकमध्येच असतात. पोरगं पहिलीपासून ती वाचतं आणि घरी फोनवर त्याच शब्दांचं दुसरंच रूप समोर येतं.

कोणी म्हणेल, नस्खमध्ये वाईट काय? नाजिरा शिकलेलं प्रत्येक मूल नस्ख वाचतं. बरोबर, वाचतं, आणि वाईट काहीच नाही. पण जेर-जबर लावलेली अरबी वाचणं वेगळं आणि बिनामात्रांची उर्दू झपाट्याने वाचणं वेगळं. उर्दूचा वाचक शब्दाचा आकार ओळखतो, एकेक अक्षर जोडत बसत नाही. आकारच बदलला की तो अडखळतो, आणि अडखळलं की पोरं व्हिडिओकडे वळतात.

आता गंमत पाहा. नस्तालिकचा चांगला फॉन्ट गूगलनेच २०१४ मध्ये नोटो नस्तालिक उर्दू या नावाने जगाला फुकट दिला. आयफोनवर २०१७ मध्ये, आयओएस ११ पासून, उर्दू नस्तालिकमध्ये दिसू लागली. अँड्रॉइडचे बहुतेक फोन मात्र आजही उर्दूला नस्खच नेसवतात. अडचण आहे हे मान्य. नस्तालिकच्या ओळीला उंची जास्त लागते आणि पडद्यावरच्या चौकटी आडव्या ओळींच्या मापाने कापलेल्या असतात. पण माझ्या फोनमध्ये इंग्रजीसाठी नाचरी, गोल, लहान मुलांच्या हस्ताक्षरासारखी अशी कितीतरी वळणं भरलेली आहेत. बहात्तर हजारांत एक नस्तालिक बसली नाही? बसली नाही, कारण कोणी मागितली नाही. मागणार कोण? आपण तर रोमनमध्ये खूश आहोत.

मराठीचंही तेच. फोनला बोलून मजकूर लिहायला लावला की माझी चंद्रपुरी मराठी त्याला झेपत नाही. "करून राहिलो" म्हटलं की तो हिंदीत शिरतो, आणि घरच्या बोलीतलं "कायको" तर त्याला अजून कळलेलंच नाही. स्नेहसंमेलनाच्या वेळी मी ग्रुपवर तोंडी नोटीस लिहवली, आचाऱ्यांना आगाऊ रक्कम द्यावी. उतरलं, "आचार्यांना आगाऊ रक्कम द्यावी." मुख्याध्यापकांनी लगेच विचारलं, कधी देता? सगळे हसले, मीही हसलो. पण तो ऱ्य आठवीच्या मुलांना शिकवायला मी दोन तास घालवतो. दऱ्या आणि दर्या यांत डोंगर आणि समुद्राएवढा फरक आहे. रोमनमध्ये तर "वाट" आणि "वात" यांतलाही फरक उरत नाही. (उर्दूवाल्यांनी लगेच हसू नये. जोय आणि झाल या दोन अक्षरांनी लिहिलेले दोन वेगळे नजीर रोमनमध्ये एक होतात. देवनागरीतही होतात, हे प्रामाणिकपणे सांगतो. म्हणूनच तर उर्दूला तिची लिपी लागते.)

तिसरं कारण कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. माझी सासुरवाड अहेरीची. गोंडपिपरी, आष्टी करत जाणाऱ्या एसटीत मी फोनवर उर्दू वर्तमानपत्र वाचत होतो. शेजारच्या गृहस्थांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे. तोंडातून शब्द काढला नाही. कदाचित त्यांना अक्षरांचं कुतूहल असेल. पण माझा अंगठा आपोआप बाजूच्या बटणावर गेला आणि पडदा काळा झाला. आष्टीपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसलो आणि स्वतःला विचारत राहिलो, तू बंद का केलास? चोरी करत होतास का?

हेच खरं कारण आहे. रोमन सोयीची आहे म्हणून नाही, रोमन लपायला बरी आहे म्हणून आपण ती लिहितो. उर्दू दिसली की कोणीतरी काहीतरी समजेल, म्हणून आधीच पदर ओढून घ्यायचा. १५ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच विदर्भातल्या, अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या उर्दू फलकाचा खटला निकाली काढला. फलकावर मराठीबरोबर उर्दू असायला हरकत नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीत जन्मली, असं न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी लिहिलं. निकालाची बातमी आपण सगळ्यांनी पुढे ढकलली. कोणत्या लिपीत ढकलली ते आपापल्या फोनमध्ये वर सरकवून पाहा.

आता राजुऱ्याकडच्या एका शेतकऱ्याची गोष्ट. तो आणि त्याचा मुलगा माझ्याकडे पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला कागद घेऊन आले. मुलाच्या हातात माझ्याच कंपनीचा, माझ्यापेक्षा नवा फोन. "सर, याच्यावर धरलं तर काहीच्या काही सांगते," तो म्हणाला. मीही माझा फोन धरून पाहिला. कॅमेऱ्याने कागदाचा तंतूनतंतू दाखवला, शाईचा पसरलेला काठ दाखवला, अर्थ मात्र कुठल्यातरी मिठाच्या पोत्याचा लावला. कागद घाईच्या, मोडक्या उर्दू हस्ताक्षरात होता. राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात तो १९५९ मध्ये आला, आणि निजामाच्या सरकारी कारभाराची भाषा उर्दू. कागदावर साल फसली १३३७, म्हणजे इसवी १९२७-२८. जमिनीच्या धाऱ्याची पावती, खाली त्याच्या पणजोबांचं नाव.

वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. ती सीमा १९३० ला पडते. हा कागद तिच्या अलीकडचा की पलीकडचा, हे त्या "फसली"वर अवलंबून होतं. एका कागदाने दावा मंजूर होतो असं मी म्हणत नाही, कार्यालयात पुढे काय झालं ते त्यांनी कळवलेलंही नाही. पण त्या दिवशी तो कागद वाचू शकणारं यंत्र त्या खोलीत नव्हतं, माणूस होता. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकाळातली दप्तरं तपासू लागली, तेव्हा सरकारलाही मोडी आणि उर्दू वाचणारी माणसंच शोधावी लागली. मराठा शेतकऱ्याचा हक्क उर्दू दप्तरात, आणि उर्दूचे शिक्षक रोमनमध्ये गुड मॉर्निंग घालत बसलेत.

आपली संख्या कमी, आपलं कोण ऐकणार, असं म्हणणाऱ्यांना शेजारी दाखवतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. मान्यतेची वाट पाहत बसले नाहीत. गोंडीच्या दोन लिपी युनिकोडमध्ये आल्या, मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. गुंजाला हे राजुऱ्याच्या खालच्या आदिलाबादमधलं गाव, तिथल्या हस्तलिखितांतून ती लिपी पुन्हा उजेडात आली. त्यांच्याकडे ना अकादमी, ना शंभर वर्षांची वर्तमानपत्रं. आपल्याकडे सगळं आहे, आणि आपल्याला सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटं खर्चायची नाहीत.

माझ्या मुलीने मला पहिला उर्दू निरोप पाठवला त्यात तीन चुका होत्या. तिला रोमनमध्ये चुका दिसतच नव्हत्या, कारण रोमनमध्ये चूक अशी काही नसतेच. मी तिन्ही दुरुस्त करून पाठवल्या, तिने तोंड वाकडं केलेलं चित्र पाठवलं, मग शब्द नीट लिहून पाठवला.

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर मी गेल्या महिन्यापासून रोमन निरोपाला उत्तर देत नाही. दोघांनी विचारलं, नाराज आहात का? हो, नाराज आहे. एकाने मला गुपचूप फोन करून की-बोर्ड कसा जोडायचा ते विचारलं, त्याला सांगितलं. मशिदीच्या ग्रुपवर पुढच्या जुम्याची नोटीस परत रोमनमध्ये आली तर मी तिथेही विचारणार आहे, उर्दूत आणि खाली मराठीत. ज्यांना फोनमध्ये उर्दू सापडत नाही त्यांनी रविवारी असरनंतर घरी यावं. चार्जर घेऊन या, माझा तुमच्या फोनला लागेलच असं नाही.