दिव्यांआधी दावे

गगनबावड्याच्या डोंगरातले गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखून, दूध-तूप विकून जगत आले. २००६चा वनहक्क कायदा त्यांच्याही कामाचा. पण धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचं ७५ वर्षांचं जंगलातलं वास्तव्य दाखवावं लागतं. आज्याने सातबारा कधी पाहिलाच नाही, तर नातवाने पुरावा आणायचा कुठून? (म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो, हे वाड्यावर जाऊन सांगणारं कुणी हवं.) मदत मात्र वेगळीच येते: कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्या नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करतात. त्यातून सौरदिवे, दप्तरं येतात. ती हवीतच, पण जमिनीवरचा हक्क त्यातून येत नाही. हक्काचं बळ ओडिशातल्या नियमगिरीत दिसलं: याच वनहक्क कायद्याच्या आधारे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. बॉक्साइट आमच्या कोल्हापूरच्या सड्यांवरही आहे. म्हणून इथल्या वाड्यांशी भागीदारी करू पाहणाऱ्या कंपनीने आधी दाव्यांच्या मोजणीचा, नकाशांचा, वकिलाचा खर्च उचलावा, आणि ग्रामसभा उद्या ‘नाही’ म्हणाली तरी हात आखडता घेऊ नये.