पडद्यावरील चित्रशाळा आणि तिचे विषय

परदेशस्थ महाराष्ट्रीय मुलांचे चित्रकलेचे वर्ग आता संगणकाच्या पडद्यावरही भरू लागले आहेत. २०२० सालच्या साथीने ही सोय घरोघर पोहोचविली आणि साथ ओसरल्यावरही ती टिकली. असा उपक्रम बहरीनमध्ये योजावयाचा म्हटला की चर्चा प्रथम विषयांपाशी येते, आणि यादी बहुधा आधीच ठरलेली असते: गणपती, शिवराय, आकाशकंदील, वारली चित्रे.

या यादीत वावगे काही नाही. आपली संस्कृती मुलांच्या हातून निसटेल ही आईबापांची धास्ती हसण्यावारी नेण्याजोगी खचितच नव्हे. परंतु वारली चित्राचेच पाहावे. डहाणू-तलासरीकडे लग्नघरातील सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी असते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली, तेव्हाही त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांची शेते आणि मासेमारीची जाळी होती. मनामातील मूल पडद्यावरचा नमुना पाहून दोन त्रिकोण जुळविते, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय असते?

महाराष्ट्रातील एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्र नावाचा एक विषय आहे. स्मरणचित्राला स्मरण लागते, आणि या मुलांचे स्मरण बहरीनचे आहे. उपक्रमाच्या विषयांचा शोध तेथूनच सुरू झाला पाहिजे.

मनामाच्या राष्ट्रीय संग्रहालयात दिलमून काळातील वाटोळ्या मुद्रा आहेत. शंखजिऱ्याच्या, नाण्याएवढ्या, त्यांवर हरणे, बैल, माणसे कोरलेली. याच घाटाची एक मुद्रा गुजरातेत लोथल येथे सापडली आहे. म्हणजे या बेटाचा आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा संबंध चार हजार वर्षांचा. मुलाने अंगाच्या साबणाच्या तुकड्यावर बोथट खिळ्याने बैल कोरावा आणि तो ओल्या मातीवर दाबावा. कोरताना डावीकडे पाहणारा बैल ठशात उजवीकडे पाहू लागतो. तो का वळला, हे मुलाला हाताने कळते. पडद्यावरील शिक्षकाला त्याबद्दल फारसे बोलावेच लागत नाही. पडद्यावरून शिकविताना हीच खरी अडचण असते. शिक्षकाला दिसते ते मुलाचे कपाळ; कागद दिसतच नाही. म्हणून मुलाला खुर्चीवरून उठविणारा विषय हवा.

असे विषय जवळच आहेत. मुहर्रकमधील मोती-व्यापाऱ्यांची घरे २०१२ पासून जागतिक वारसा म्हणून गणली जातात; येथले मोती मुंबईच्या बाजारात जात, आणि १९६५ साली दिनार येईपर्यंत येथला व्यवहार रुपयातच चाले. आली गावात प्राचीन दफनटेकड्या आहेत आणि तेथे कुंभारांची चाके आजही फिरतात. बनी जमरा येथे हातमाग आहे. गणपतीही वगळण्याचे कारण नाही; आलीचे चाक पाहून आलेले मूल घरी शाडूच्या गोळ्याला हात लावील, तेव्हा त्याचा गणपती साच्यातून निघालेला असणार नाही.

पहिल्या बैठकीस मुलांनाही बोलवावे आणि शाळेच्या वाटेवर काय काय दिसते, एवढेच विचारावे. यादी त्यानंतर करावी. पहिल्या महिन्यास एक मुद्रा पुरेशी आहे.