स्नेह्यांची शिफारस आणि समीक्षेचे दायित्व : स्वप्रकाशित ई-पुस्तकांच्या निमित्ताने

मराठीतील ग्रंथव्यवहाराचा विचार करताना लेखक, प्रकाशक, विक्रेता, ग्रंथालय आणि वाचक अशी एक साखळी आपण गृहीत धरत आलो आहोत. स्वप्रकाशित ई-पुस्तकाने या साखळीतील मधले दुवे जवळजवळ वगळले आहेत. लेखक स्वतःच संहिता टंकित करतो, मुखपृष्ठ करून घेतो, किंमत ठरवतो आणि पुस्तक वाचकांपुढे ठेवतो. २०१६ च्या अखेरीस ॲमेझॉनच्या किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तकांची सोय झाली. बुकगंगावर मराठी ई-पुस्तके विकत मिळतात, तर ई साहित्य प्रतिष्ठानासारखे उपक्रम ती विनामूल्य वाटतात. प्रकाशित होणे असे सुलभ झाले असले, तरी वाचले जाणे मात्र सुलभ झालेले नाही. पुस्तक आले आहे ही वार्ता वाचकाच्या कानी घालण्याचे काम पूर्वी प्रकाशकाची जाहिरात, वृत्तपत्रातील परीक्षण आणि ग्रंथपालाची निवड यांच्याकडे होते. आता ते फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरील स्नेह्यांकडे आले आहे. या बदलाचा मराठीच्या अध्यापकांशी आणि संशोधकांशी काय संबंध आहे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

या व्यवहाराचे स्वरूप आपल्या परिचयाचे आहे. लेखक आपल्या स्नेह्यांना संदेश पाठवतो. पुस्तक उतरवून घ्या, दोन ओळींचा अभिप्राय लिहा, जमल्यास पाच तारे द्या आणि आपल्या गटांत पुढे पाठवा, अशी विनंती त्यात असते. विद्यापीठीय वर्तुळात याकडे बहुधा उपहासाने पाहिले जाते. जे प्रकाशकाने नाकारले ते मित्रांच्या खांद्यावर बसून मिरवते, असा या उपहासाचा आशय असतो. परंतु मराठी वाङ्मयाचा इतिहास या उपहासाला पाठिंबा देत नाही.

जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे उदाहरण घ्यावे. १८८३ साली सिद्ध झालेल्या या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ पत्रात छापली गेली आणि पुढची प्रकरणे छापली गेली नाहीत. सत्यशोधक चळवळीचेच पत्र मागे सरले होते. तथापि मुद्रणाची वाट न पाहता जोतीरावांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी आपल्या लोकांसमोर हा ग्रंथ वाचून दाखवला होता. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला होता. म्हणजे मराठी गद्यातील एका मूलगामी ग्रंथाचा पहिला प्रसार स्नेहीजनांच्या बैठकांतून झाला.

दुसरे उदाहरण आमच्या नाशिकचेच आहे. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ साली वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून प्रसिद्ध केला आणि त्यास प्रस्तावनाही लिहिली. पुढे या दोघांनाही ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, खांडेकरांना १९७४ चा आणि कुसुमाग्रजांना १९८७ चा. त्यामुळे १९४२ मधील या कृतीत किती धाडस होते, हे आज सहजी ध्यानात येत नाही. एका प्रस्थापित कादंबरीकाराने एका तरुण कवीसाठी पैसा आणि नाव अशा दोन्ही गोष्टी पणाला लावल्या होत्या.

तिसरे उदाहरण लघुनियतकालिकांच्या परंपरेतील आहे. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये सुरू केलेले ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक मित्रांच्या हातून मित्रांच्या हाती जात असे. पुढे ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ साली अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने काढला. मैत्री ही तेथेही प्रकाशनाची पूर्वअट होती. मात्र याच शहाण्यांनी १९६३ साली तत्कालीन मराठी साहित्यावर झोड उठवणारा लेख लिहून खळबळ माजवली होती, याचा विसर पडू नये. मित्राचे पुस्तक काढणारा आणि साहित्याची निर्मम तपासणी करणारा माणूस एकच असू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते.

तेव्हा स्नेह्यांच्या साहाय्याने पुस्तकाचा प्रसार करणे यात कमीपणा कोणताच नाही. प्रश्न वेगळा आहे. वरील तीनही उदाहरणांत साहाय्यापूर्वी एक क्रिया घडलेली आहे आणि ती म्हणजे वाचन किंवा श्रवण. ‘असूड’ आधी ऐकला गेला. खांडेकरांनी कविता वाचून मग प्रस्तावना लिहिली. शहाण्यांना कोलटकरांची कविता ठाऊक होती. आजच्या व्यवहारात शिफारस आधी येते आणि वाचन पुढे ढकलले जाते. पुष्कळदा ते कधीच होत नाही. हा आक्षेप मी इतरांवर घेत नाही. तो प्रथम मला लागू आहे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी द्राक्षबागायतदारांच्या जीवनावर कादंबरी लिहिली आणि ती स्वतःच ई-पुस्तकाच्या रूपात प्रसिद्ध केली. त्याने माझा अभिप्राय मागितला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर होते. मी पहिली सहा प्रकरणे वाचली, ती मला मनापासून आवडली, आणि ‘नाशिक परिसराच्या बोलीचा समर्थ आविष्कार’ अशा थाटाच्या चार ओळी मी लिहून दिल्या. त्या ओळी माझ्या पदवीसह अनेक गटांत फिरल्या. माझ्या सहकाऱ्यांनी त्या आणखी पुढे पाठवल्या. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कादंबरी उघडलीही नव्हती. त्यांनी माझ्या नावावर विश्वास ठेवला आणि मी स्वतः मात्र अर्ध्या कादंबरीवर निभावून नेले.

दोनएक महिन्यांनी निफाडकडच्या एका अपरिचित वाचकाचे सविस्तर पत्र त्याला आले. सातव्या प्रकरणापासून निवेदक आपली बोली सोडून अग्रलेखाच्या भाषेत बोलू लागतो आणि नायकाची बहीण, जिच्यावर कादंबरीचा भार आहे, ती कारण न देता नाहीशी होते, असे त्या वाचकाने दाखवून दिले होते. पत्र घेऊन विद्यार्थी पंचवटीत माझ्या घरी आला. बराच वेळ इकडचेतिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, “मॅडम, तुम्ही सहाव्या प्रकरणापर्यंतच वाचलं होतंत ना?” मी होय म्हटले. त्यावर तो रागावला नाही. “तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत तर मी थांबलो असतो,” एवढेच तो म्हणाला.

या वाक्याने मला जे शिकवले ते असे. अध्यापकाने दिलेली न वाचता केलेली स्तुती लेखकाला प्रोत्साहन वाटते, प्रत्यक्षात ती त्याला एकटे पाडते. स्वप्रकाशित लेखकाला संपादक नसतो. त्याची उणीव भरून काढू शकेल असा एकच घटक त्याच्यापाशी असतो आणि तो म्हणजे चार जाणकार स्नेही. तेच जर केवळ वाजंत्री झाले, तर लेखकाला सत्य सांगण्याची जबाबदारी अपरिचित वाचकावर येऊन पडते, आणि असे वाचक विरळा असतात.

येथे एक आक्षेप संभवतो. नवोदित लेखकाला, विशेषतः ग्रामीण भागातून आणि शिकणाऱ्या पहिल्या पिढीतून आलेल्या लेखकाला, आधी उत्तेजन हवे असते. परखड समीक्षेने तो खचेल. हा आक्षेप सहृदय आहे, पण त्यात एक सुप्त तुच्छता दडलेली आहे. ज्याला आपण लेखक मानतो त्याला दोष सांगण्यास आपण कचरत नाही. ज्याला केवळ चुचकारतो त्याला आपण अद्याप लेखक मानलेलेच नसते.

प्रश्नाची दुसरी बाजू संशोधनाची आहे. उपरोक्त विद्यार्थ्याने पत्रातील सूचनांनुसार उत्तरार्ध नव्याने लिहिला आणि सुधारित संहिता जुनीच्या जागी चढवली. शीर्षक तेच, मुखपृष्ठ तेच. आवृत्तीचा उल्लेख कोठेही नाही. माझा अभिप्राय मात्र कायम आहे, आणि ज्या संहितेविषयी तो लिहिला ती आता वाचकाला उपलब्ध नाही. मुद्रित ग्रंथाची पहिली आवृत्ती कुठल्या तरी ग्रंथालयाच्या फडताळात उरते. आमच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. अशा संस्थांमुळेच संहिताभेदांचा अभ्यास शक्य होतो. ई-पुस्तकाची पहिली आवृत्ती लेखकाने जपली नाही, तर ती कायमची जाते.

शंकर गणेश दाते यांनी एकहाती कष्टाने १८०० ते १९३७ या कालखंडाची मराठी ग्रंथसूची सिद्ध करून १९४३ साली प्रसिद्ध केली आणि पुढे १९५० पर्यंतच्या ग्रंथांची सूची १९६१ साली दिली. आज आपल्यापैकी कोणीही जुन्या पुस्तकाचा शोध घेऊ लागला की दात्यांचे ऋण त्याला मान्य करावे लागते. ग्रंथालयांना प्रती देण्याविषयीचा १९५४ चा कायदा मुद्रित पुस्तके डोळ्यांपुढे ठेवून झाला. स्वप्रकाशित ई-पुस्तकांची नोंद व्हॉट्सॲपवरील संदेशांत राहिली आणि संदेश तर पुसले जातात. उद्याच्या अभ्यासकाला आपल्या काळातील किती पुस्तकांचा पत्ताच लागणार नाही, याची कल्पना करवत नाही.

या संदर्भात मराठी विभागांना काही गोष्टी सहज करता येतील. आपल्या जिल्ह्यातील स्वप्रकाशित ई-पुस्तकांची वार्षिक नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. तीत शीर्षक, लेखक, प्रकाशनदिनांक आणि संहिता पाहिल्याचा दिनांक यांचा समावेश असावा. लेखकाच्या अनुमतीने पहिल्या संहितेची एक प्रत विभागात ठेवावी. सत्रातून एकदा अशा एखाद्या पुस्तकावर लेखकाच्या उपस्थितीत चर्चा घ्यावी आणि चर्चेत बोलणाऱ्याने पुस्तक संपूर्ण वाचलेले असावे, एवढी एकच अट घालावी. या गोष्टींना खर्च नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो देणे हाच आपला व्यवसाय आहे.

व्यक्तिशः मी एक नियम स्वीकारला आहे. शेवटचे पान वाचल्याखेरीज अभिप्राय द्यायचा नाही, आणि स्नेह्याचे पुस्तक असेल तर अभिप्रायाआधी त्याला एक खाजगी पत्र लिहायचे. यामुळे माझ्याकडे येणाऱ्या विनंत्या कमी झाल्या आहेत. त्या विद्यार्थ्याने मात्र आपल्या दुसऱ्या कादंबरीचे हस्तलिखित प्रसिद्धीपूर्वी मला पाठवले आहे. त्यासोबत त्याने एकच ओळ लिहिली आहे की, या वेळी चौदा प्रकरणे आहेत. काल रात्री अकरावे वाचून झाले.